सुधामावशीचे पाय

घरातल्या कुठल्याही फोटोत सुधामावशी शोधायची तर मागच्या रांगेत बघावं लागे. फोटोवाल्यानं हाक मारली की ती एखादी खुर्ची, नाहीतर आमच्यापैकी एखादं पोर पुढे ओढायची आणि त्याच्याआड उभी राहायची. “सामने काय करू? पीछे हवा चांगली येते,” असं तिच्या बनारसी मराठीत म्हणायची. आम्ही हसायचो. लहानपणी पोलिओनं तिचा डावा पाय बारीक आणि आखूड राहिला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे.

एरवी ती कुणाला दबणारी नव्हती. बँकेत नोकरी केली, बनारसमध्ये दूधविनायकाच्या गल्लीत एकटी राहिली. गल्लीत मोटारसायकल घुसवणाऱ्याला तिनं दारातून झाडलं की तो मुकाट गाडी ढकलत मागे नेई. पण चप्पल घ्यायला ती स्वतः कधी गेली नाही. दोन पायांची दोन मापं दुकानदाराला सांगायची लाज वाटे. माझ्या आईला पाठवायची.

गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे राहत होते. विद्यापीठातल्या कामासाठी मला संगणकावरचं एक तयार मॉडेल तपासायचं होतं. त्याला फोटो दिला की ते माणसाचे खांदे, कोपर, गुडघे, घोटे ओळखून तिथे ठिपके ठेवतं आणि ते रेघांनी जोडतं. ते आधीच हजारो फोटोंवरून शिकून आलेलं. आपण फक्त आपले फोटो द्यायचे. मी घरचेच दिले. मावशी चहा घेऊन शेजारी बसली. दादाच्या मुंजीतला फोटो आला. तिच्या खांद्यांवर ठिपके नीट बसले होते, पण कमरेखालच्या रेघा पुढे उभ्या असलेल्या माझ्या पायांवर उतरल्या होत्या.

“यानं मला तुझे पाय लावले,” ती म्हणाली.

जे दिसत नाही ते हे अंदाजानं ठरवतं, असं मी सांगितलं. ती त्या रेघांकडे बघत राहिली. चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीच मला मुन्शी घाटावर घेऊन गेली. लॅपटॉप बरोबर घे म्हणाली. वरच्या पायऱ्यांवर कोणी नव्हतं. तिनं चपला काढल्या, निऱ्या गुडघ्यापर्यंत वर खोचल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “घे. जल्दी.” तिचे कान लाल झाले होते. तो पाय मी पहिल्यांदाच पाहत होते. नजर कुठे ठेवावी मला कळेना.

मी फोटो काढून लॅपटॉपवर घेतला आणि मॉडेलनं ठिपके ठेवले. डावा गुडघा जरा खाली, कमरेची रेघ थोडी तिरकी. पायाचा बारीकपणा त्या रेघांत येतच नव्हता. मावशीनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“इतकंच होतं?” तिनं विचारलं.

तिनं घाईघाईनं निऱ्या सोडल्या. इतक्यासाठी जन्मभर सगळ्यांच्या आड उभी राहिले, असं काहीसं पुटपुटली. डोळे भरले होते. मग फोटो पुसायला सांगितला. मी तिच्यादेखत पुसला.

परत निघालो. पायऱ्या चढताना ती नेहमी दुसऱ्याला पुढे धाडायची, मागून कोणी आपली चाल पाहू नये म्हणून. म्हणून मी आपणहून पुढे झाले. तेवढ्यात तिनं हाक मारली.

“थांब बेटा. हात दे. बाजूनं चल.”

गल्लीत लोक होते. घर येईपर्यंत तिनं मान वर केली नाही, पण माझा हातही सोडला नाही.