देवराईत चपला कुठे काढतात

माझ्या नवऱ्याच्या दहाव्याला एक अनोळखी माणूस घरच्यांपेक्षा जास्त रडत होता. मला त्याचा तेव्हाच संशय आला.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं.

शेती करायचे आणि अकोले तालुक्यातल्या आमच्या डोंगरात येणाऱ्यांना वाट दाखवायचे. शेकरू, भेकर, घुबडाची ढोली, सगळं दाखवायचे.
एक सोडून. खवल्या मांजर.

आमच्या देवराईत ते आहे, हे गावात सगळ्यांना माहीत. बीळ कुठे, ते फक्त ह्यांना.

मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तुला म्हाईत नसल्यालंच बरं. कुनी इचारलं तर खोटं बोलावं लागनार न्हाई."

मी शाळा चौथीत सोडली, पण वाचायचा नाद सुटला नाही. एकदा ह्यांना पुस्तकातून वाचून दाखवलं, की खवल्याला दात नसतात, मुंग्या चाटून खातं. आणि खवले विकायला लोक त्याला मारतात.

"बिनदाताचं हाय, तरी त्याचाच जीव घेत्यात," हे म्हणाले. "दात तर तुला लई हायेत."
"मग सांभाळून राहा," मी म्हटलं.

तर तो माणूस.

नदीवर दशक्रिया चालली होती. सगळे पिंडाकडे बघत होते, कावळा येतो का म्हणून.
हा डोंगराकडे बघत होता.

विधी उरकल्यावर डोळे पुसत जवळ आला.
"वहिनी, भाऊ म्हणजे माझा सख्खा भाऊच. मला खवल्याचं बीळ दाखवलं होतं त्यांनी. आता वाट आठवत नाही. कोणाला तरी सोबत द्या, भाऊंच्या आठवणीत व्हिडिओ करू."

मी विचारलं, "देवराईत शिरताना चपला कुठे काढल्या होत्या?"

"चपला? बूट होते पायात. एवढ्या काट्यांत काढतंय कोण?"

आमच्या देवराईत पायात काही घालून कोणी जात नाही. ह्यांनी फॉरेस्टच्या साहेबांनाही अनवाणी नेलं होतं. साहेब दर पावलाला "आई गं" करायचे आणि हे म्हणायचे, "हळू, सायेब. देव झोपलाय."

माझे दीर मागेच उभे होते. म्हणाले, "पाव्हनं, जेवून जावा. तवर मी गाडीचा नंबर लिहून घेतो."

तो जेवला नाही.
नंबर आम्ही वनरक्षकाला दिला.

तेव्हापासून माझा चटकन कोणावर विश्वास बसत नाही. मेसेज येतात. "ताई, देवराईचा एखादा फोटो टाका ना." "लोकेशन पाठवा, दर्शनाला यायचंय."
असतीलही खरे भाविक. मला कसं कळणार?

ही पोस्टसुद्धा कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी वाचत असेल.
म्हणून फोटो टाकला नाही. ह्यांचासुद्धा नाही. ह्यांच्या प्रत्येक फोटोत मागे तीच झाडं आहेत.

ज्यांना ती देवराई माहीत आहे, त्यांनी कॉमेंटमध्ये नाव लिहू नका. एवढं माझ्यासाठी करा.

आज सकाळी मी एकटीच जाऊन आले. चपला बाहेरच्या दगडापाशी काढल्या.
आत काय दिसलं, काही दिसलं की नाही, ते इथे लिहिणार नाही.

श्रद्धांजली ज्यांना वाहायची, त्यांनी आपापल्या घरूनच वाहावी.

आणि अहो, तुम्हाला मी तिथेच सांगितलंय. हळू आवाजात.