मगरीवरची देवी

आमच्या घरात मगर हा शब्द कोणी उच्चारत नसे. थोरले दीर माझ्या लग्नाआधीच तापीत गेले. मगरीने नेलं, असं सारं प्रकाशा गाव म्हणायचं. सासूबाईंसमोर म्हणायची मात्र कोणाची छाती नव्हती.

स्वातंत्र्य येऊन दहाएक वर्षं झाली असतील. ह्यांनी सुरतेहून नावेमागे लावायचं एक जुनं इंजिन आणलं. नुसतं भंगार! गंज खरवडून, पुर्जे रॉकेलमध्ये धुऊन, लाल रंग देऊन ह्यांनी ते नवरदेवासारखं नटवलं. केळी आणि माणसं पलीकडच्या काठाला न्यायची, एवढंच ह्यांचं स्वप्न. सासूबाईंनी एका वाक्यात लगाम घातला.

"देवी बसाड्याबिगर नाव पानीमा टाकानी नही."

एक मुलगा नदीला देऊन बसलेल्या बाईशी कोण वाद घालणार? हे पुन्हा सुरतेला गेले आणि पाण्यात भिजवून चिकटवायचं देवीचं चित्र घेऊन आले. मी गुंडाळी उलगडली आणि पायाखालची जमीनच सरकली. देवी मगरीवर बसलेली!

"तुमनं डोकं ठिकानवर शे का?"

"दुकानमा हाई एकच व्हती," हे खाली मान घालून म्हणाले. "मायले कमी दिसस."

ते खरं होतं. सासूबाई देवळात गेल्या तेवढ्यात उरकायचं ठरलं. माझा हात हलका, म्हणून काम माझ्याकडे आलं. चित्र कोमट पाण्यात भिजवलं, इंजिनाच्या टोपावर, म्हणजे वरच्या झाकणावर, टेकवून खालचा कागद अलगद ओढला आणि ओल्या मलमलीने मधून कडेकडे पाणी काढत गेले. वरचा भाग छान बसला. पण टोप खाली गोल वळतो तिथे, मगरीच्या पाठीवर, चुणी पडली. दाबली तर ती वर सरकली, थेट देवीच्या चेहऱ्यावर. शिवताना गोलाईला कातरीने छेद देतात, तसा इथे एक छेद हवा होता. ह्यांनी दाढीचं पातं पुढे केलं. देवीला पातं लावायचं? माझा हात उचलेना.

"दे मन्हाकडे."

मागे सासूबाई उभ्या! त्या चित्रावर वाकल्या, पार नाक टेकेपर्यंत. बोटाने चाचपडल्या आणि बोट मगरीवर थांबलं. आता संपलं सगळं, मला वाटलं. इंजिन नदीत आणि आमचा संसारही.

नैवेद्य दाखवल्याशिवाय घोटभर पाणीही न पिणाऱ्या त्या बाईने देवीच्या पायांखालून पातं फिरवलं आणि मगर शेपटीपासून तोंडापर्यंत सोलून काढली. मी किंचाळलेच. खालचा ताण गेला तशी चुणी सुटली, आणि मी मलमल फिरवली. देवीचा चेहरा नितळ झाला.

"आते बसनी देवी," त्या म्हणाल्या. "जाय. पन सांजले घर ये."

हे इंजिन नावेला लावून नदीवर गेले. मी आत आले तर सासूबाई चुलीपाशी हात राखेने घासत होत्या. मगर तळहाताला चिकटली होती. त्या सुरकुतलेल्या, खोलगट तळव्यावर ती एकही चुणी न पडता बसली होती. ती सोडवायला मी तेलाची वाटी आणली. तेवढ्यात नदीवरून इंजिनाचा आवाज आला आणि त्यांनी मूठ आवळली. हे सांजेला घरी येईपर्यंत त्यांनी ती उघडली नाही.