भासऱ्यांचा नाका

आमच्या भासऱ्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मोठ्या भावाचा, या जगात कोणावरही विश्वास नव्हता आणि धुळीवर तर मुळीच नव्हता. चोर एकवेळ दार ठोठावून येईल, पण धूळ येणार नाही, असं त्यांचं ठाम मत. त्यात आम्ही राहणारे चंद्रपूरचे. इथं दोरीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळपर्यंत कोळशाचे ठिपके घेऊन घरात येतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. भासऱ्यांना वाटायचं. तीस वर्षं जंगल खात्याच्या नाक्यावर लाकडाचे ट्रक तपासण्यात गेलेली. भुशाच्या पोत्यात लोखंडी सळई खुपसून खालचं सागवान शोधून काढणारा माणूस! रिटायर झाल्यावर सळई सरकारजमा झाली, संशय मात्र घरी आला.

आणि नेमका तेव्हाच त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि जाताना आपला कॉम्प्युटर बापाच्या हवाली करून गेला. झालं! समोरच्या खोलीचा नाका झाला. कॉम्प्युटरवर आधी प्लास्टिकचं कव्हर, त्यावर चादर, त्यावर जाऊबाईंच्या हातची गोधडी. आत जाणाऱ्यानं पाय धुवायचे, कपडे झटकायचे आणि उंबऱ्यावर उभं राहून जबानी द्यायची. "कुठून आले? कोणत्या रस्त्यानं? कोळशाच्या ट्रकामागं तं नोयते ना?" एकदा साक्षात व्याही आले, तेही जावयाच्या गृहप्रवेशाचं आमंत्रण घेऊन, त्यांना ओसरीतच चहा पाजून वाटेला लावलं. माझे मालक खाणीत कामाला, त्यामुळे सख्ख्या भावाला त्या खोलीत कायमची बंदी. रोज सकाळी भासरे कॉम्प्युटरवरून बोट फिरवायचे, चिमटीत चोळायचे, वास घ्यायचे आणि निकाल द्यायचे. हा कोळसा. ही चुलीची राख. ही तंबाखू, म्हणजे शेजारचे गुरुजी खिडकीतून डोकावले असणार. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे सगळं फार गमतीचं वाटलं होतं. गंमत माझ्यावर येईपर्यंत.

एक सांगायला हवं. आमच्याकडे भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी सरळ बोलायचं नाही, अशी रीत. तिनंही डोक्यावरचा पदर सोडायचा नाही. सहा वर्षं एका घरात राहून आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. त्यांना काही सांगायचं असलं की ते दाराला सांगत. "चहात साखर कमी हाये म्हणाव." दार काही बोलायचं नाही, मी साखर नेऊन ठेवायची. त्यांचं रागावणंसुद्धा दारामार्फतच.

तर गडचिरोलीला लिपिकाच्या जागा निघाल्या आणि मी लेखी परीक्षा पास झाले. उरली ती कॉम्प्युटरवर मराठी टायपिंगची. तीन आठवडे हातात. माझा हात जुन्या टाईपरायटरवर बसलेला, बटणं दणादणा बडवायची सवय. इन्स्टिट्यूटात कॉम्प्युटर दोन आणि मुली चाळीस. आणि आमच्या घरात एक अख्खा कॉम्प्युटर गोधडी पांघरून झोपलेला! ही नोकरी मला हवी होती. कोणाला मिरवून दाखवायला नाही. खाणीतून मालक घरी येईपर्यंत रोज जीव टांगणीला लावून बसायचा मला कंटाळा आला होता. माझ्या पगारावर घर चाललं असतं, तर त्यांना वर काढता आलं असतं.

जाऊबाईंनी गळ घातली. भासऱ्यांनी दोन दिवस विचार केला आणि दाराला सांगितलं, "सकाळी एक घंटा. आंघोळ करून. कणकेच्या हातानं नाई." मी ओला पदर खोचून बसायची आणि मागं दाराशी स्टुलावर पेपर धरून भासरे. पहिल्या दिवशी, गोधडी समोरून तेवढी वर सारलेली, वीस मिनिटांत कॉम्प्युटर आपोआप बंद. भासऱ्यांनी बटणांवरून बोट फिरवलं, चोळलं, वास घेतला. "कणीक," ते दाराला म्हणाले. त्या रात्रीत त्यांनी मशीनच्या मागच्या सगळ्या भोकांत कापूस कोंबला. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटांत बंद. मग मागच्या पंख्यावर मलमलीचं फडकं बांधलं. दहा मिनिटं. मग आणखी कापूस. पाच मिनिटं! "घरात कोनीतरी हात धुवून नाई राह्यलं. पोराची अमानत हाये. आजपासून मशीन बंद."

माझ्या अंगाची आग आग झाली. परीक्षेला दहा दिवस उरलेले, आणि मी म्हणे कणीक घेऊन फिरते! त्या दिवशी मी पहिल्यांदा दाराला उत्तर दिलं, तेही शेजारी ऐकतील अशा आवाजात. "दारा, त्यांना सांग, मी तीनदा हात धुते. साबण अर्धा झाला म्हणाव!" आणि स्वयंपाकघरात जाऊन पोळपाटावर डोकं टेकून रडले. जाऊबाईंनी पायात चप्पल घातली आणि बाजारातून मेकॅनिकला घेऊनच आल्या.

मेकॅनिक म्हणजे बाजारातले रेडिओवाले चाचा, नुकतेच कॉम्प्युटर शिकलेले. त्यांचीही उंबऱ्यावर जबानी झाली, दोनदा हात धुवून झाले. त्यांनी डबा उघडला आणि कपाळावर हात मारला. "भाऊ, इतकी साफ मशीन मी जिंदगीत नाई पाह्यली. धुळीचा एक कण नाई. पर पंखाच बांधून ठेवला ना तुम्ही! अंदरची गरमी बाहेर कुठून जाईन? तापते अन् बंद पडते बिचारी."

"बाहेर?" भासरे म्हणाले.

"मंग? नाक्यावर तुम्ही येणाऱ्यालेच थांबवत होते ना? जाणाऱ्याले कायले थांबवता?"

"जाणाऱ्यालेच थांबवत होतो," भासरे अगदी हळू म्हणाले. "माल जंगलातून बाहेरच जाते ना." मला हसू आलं आणि लगेच ओसरलं. कारण ते खाली बसून आपल्याच हातानं कापूस उपटायला लागले होते. एकेक बोळा काढत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. शेवटी उठून दाराला म्हणाले, "दिवसभर बसा म्हणाव. कणीक नोयती."

मग मी दिवसभर बसले. भासरे स्टुलावर, हातात धूळ झाडायला रंगाचा ब्रश, डोळ्यांदेखत धूळ त्या भोकांतून आत जातेय आणि हा माणूस काही करत नाही. घाम यायचा त्यांना.

परीक्षेच्या दिवशी मालकांची ड्यूटी निघाली, म्हणून सोबतीला भासरे आले. बसमध्ये माझ्या दोन सीट पुढं बसले, गडचिरोली येईपर्यंत एकदाही मागं वळले नाहीत. परीक्षेच्या खोलीबाहेर मी पोरींच्या रांगेत उभी, पदराआड बोटांनी नुसतीच बटणं बडवत. तिथं सांगायला जाऊबाई नव्हत्या. दाराला सांगावं तर दाराशी शिपाई उभा. भासऱ्यांनी इकडंतिकडं पाहिलं, घसा खाकरला आणि सरळ माझ्याकडे पाहून म्हणाले, "भेऊ नोको बाई. तुयी बोटं चांगली चालते. मी पेपर नाई वाचत होतो, रोज आयकत होतो."

पदराआडून मी मान हलवली आणि आत गेले.

पास झाले. नोकरी लागली, रोज बसनं जा-ये. वर्षभरात मालकांनी खाण सोडली. घरी भासरे पुन्हा दाराशीच बोलायला लागले आणि मीही, रीत म्हणून. आता ते नाहीत. मी ऑफिसात दिवसभर टाईप करते, लोकांशी तोंड भरून बोलते, साहेबालासुद्धा उलट उत्तर देते. त्या माणसानं मात्र सहा वर्षांची रीत मोडली होती, माझ्यासाठी, आणि मी नुसती मान हलवली. "हो भाऊ," एवढं तरी म्हणायला हवं होतं मी.