सोसायटीच्या गोदामातली मातीची बाई

मी जन्माची संशयी. भाजीवालीनं न मागता कोथिंबीर टाकली, तरी मी आधी जुडी उलटी करून बघते. घरातले हसतात. हसू देत. हा गुण मला आईकडून आला आणि आईला तो गावानं शिकवला. म्हणून त्या मास्तरांनी आमच्या दारात उभं राहून "फुकट" हा शब्द काढला, तेव्हा मी कान टवकारले.

बहात्तरचा दुष्काळ होता. तेरच्या अलीकडं, आमच्या गावाच्या शिवारात पाझर तलावाचं काम निघालेलं. मी शाळा सोडून पाट्या वाहत होते. आई खोदायची आणि गावातली एक शेतकरी बाई तिची माती पाटीत भरायची. मी तिला मावशी म्हणायचे. मुकादमानं लावलेली जोडी होती ही. एरवी ती मावशी आमच्या वस्तीकडं फिरकली नसती. आम्ही बौद्ध. छप्पन साली धर्म घेतल्यावर आईनं घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. पण महिनोन् महिने एकाच खड्ड्यात उभं राहिल्यावर मावशी आईच्या फडक्यातली रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी तोडून घ्यायला लागली. मला त्यातही काहीतरी काळंबेरं दिसायचं. आई म्हणायची, "गप गं. जेवू दी की तिला."

एक दिवस आईच्या टिकावाखाली ठक्क वाजलं. वीतभर उंचीची भाजलेल्या मातीची बाई निघाली. टिकावानं डाव्या कानाचा टवका उडाला तेवढाच, बाकी शाबूत. मावशीनं झटक्यात हात जोडले. "अगं बया, देवी!" आईनं मात्र पदराला थुंकी लावून त्या बाईचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "लई देखणी हाय गं. येणी बघ कशी घातलीया."

ती आमच्या घरी आली आणि पत्र्याच्या पेटीत जुन्या लुगड्यात राहिली. आई तिची पूजा करत नव्हती. कामावरून आली की तिला मांडीवर घ्यायची, वेण्या निरखायची आणि परत ठेवायची. आईनं हौसेनं जवळ ठेवलेली दुसरी वस्तू मला आठवत नाही.

मग ते मास्तर आले. तालुक्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. दुष्काळी कामांवर जागोजागी काही ना काही निघत होतं, ते गोळा करत सायकलीवरून गावोगाव हिंडत होते. म्हणाले, "बाजाराच्या गावी शेतकरी सोसायटीचं गोदाम रिकामं पडलंय. तिथं सगळं मांडणार आहे. आपल्या लोकांचं संग्रहालय. फुकट. तिकीट नाही, काही नाही. ज्यांनी मातीतनं काढलं त्यांनी ते कधी बघायचं हो? कुणीही यावं."

"कुणीबी म्हंजी कोण?" आईनं विचारलं.

"कुणीही, बाई. तुम्हीसुद्धा."

ते 'सुद्धा' मला खटकलं. पण आईनं पेटी उघडली. एकच अट घातली, "म्या आले की माझ्या हातात द्यायची. लांबनं दावायची न्हाय."

"शब्द देतो," मास्तर म्हणाले.

मी घर डोक्यावर घेतलं. "मुंबईला विकून मोकळा होईल तो! बसशील मग हात चोळत." आई म्हणाली, "मग जा की दर बाजाराला आन् ठिव ध्यान." आणि मी खरंच गेले. दर बाजाराच्या दिवशी गोदामात जाऊन आधी डावा कान बघायचा, तीच आहे की बदलली. गोदामाला अजून खताचा वास होता. विटांवर फळ्या टाकून मास्तरांनी मणी, मडकी, निजामाच्या काळातला एक तांब्याचा हुक्का मांडला होता. भिंतीला शाळेतल्या पोरांची चित्रं. दारावर पाटी, 'पाहणे मोफत, सर्वांस खुले'. पहिले काही आठवडे शेळ्यांशिवाय कुणी आलं नाही. सोसायटीचे चेअरमन तर कडेला उभे राहून विचारायचे, "मास्तर, ही खापरं कधी उचलताय?"

मग एका बाजाराला मातीच्या बाईच्या कपाळावर कुंकवाचं बोट दिसलं. पुढच्या बाजाराला शेंदूर. मग नारळ. दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आत बायांची ओळ. कुंकवाची सुरुवात आमच्या मावशीनं केली होती. तिनंच चार गावांत सांगितलं, आमच्या तळ्यावर देवी घावली म्हणून. मास्तर हात मागं बांधून नुसते उभे. त्यांचा यात काय फायदा ते मी शोधत होते. दक्षिणेचं ताट कुठं दिसेना, तेव्हा तर मला आणखीच दाल में काला वाटायला लागलं.

एकदा आईला घेऊन गेले. सोसायटीनं आता दारात शिपाई बसवला होता, तो आडवा झाला. "बाई, लांबनंच पाया पडा. आत न्हाय."

"पाया पडाया न्हाय आले. ती माझी हाय," आई म्हणाली. ओळीतल्या बाया हसल्या. मास्तर आतून आले. त्यांनी शिपायाकडं बघितलं, बायांकडं बघितलं आणि मान खाली घालून म्हणाले, "आज गर्दी आहे, बाई. नंतर या."

असला संताप आला मला! तिथंच ओरडले, "कुठं गेला तुमचा शब्द, मास्तर?" आईनं दंड धरून मला ओढत नेलं.

दोन दिवसांनी मास्तर आमच्या घरी. चेहरा उतरलेला. "चुकलं माझं. पहिलं कुंकू लागलं तेव्हाच पुसायला पाहिजे होतं. वाटलं, माणसं येतायत तर येऊ देत, चेअरमन गोदाम तरी मागणार नाहीत. आता तिथं देऊळच करायचं म्हणतायत ते. मणी, मडकी बाहेर काढा म्हणाले." मग म्हणाले, "पुढच्या बाजाराला या बाई. मी स्वतः तुमच्या हातात देतो."

बाजाराला कशाला? मोकळ्या वारी का नाही? पाणी कुठंतरी मुरत होतं. मी आईला म्हणालेसुद्धा. 

बाजाराच्या दिवशी आई चपला घालूनच आत गेली. मास्तरांनी शिपायाला बाजूला केलं, फळीवरची शेंदरानं माखलेली बाई उचलली आणि सगळ्यांसमोर आईच्या हातात दिली. आईनं पदरानं तिचं डोकं पुसलं. शेंदूर निघेना, तेलासकट मातीत मुरला होता. मग ती ओळीकडं वळली. "घ्या, धरा. देवी न्हाय ही, भाजलेली माती हाय. येण्या बघा कशा घातल्यात." ओळीत सगळ्यात पुढं मावशी होती, हातात नारळ. आईनं बाई तिच्यापुढं धरली. मावशीनं पदर आवरला आणि एक पाऊल मागं सरली. मागून कोणीतरी म्हणालं, "बाटली."

बस्स. ओळ मोडली. घटकाभरात गोदाम रिकामं. आईनं बाई परत फळीवर ठेवली. त्यानंतर त्या बाईला कुणी कुंकू लावलं नाही, नारळ फोडला नाही. आमच्या हातानं बाटलेल्या देवीचं देऊळ कोण बांधतंय? चेअरमन गप्प बसले आणि संग्रहालय राहिलं. हळूहळू पोरं येऊ लागली, कुंभार आपली मडकी घेऊन आले, पुढं त्याला पक्की जागाही मिळाली. लोक म्हणतात, मास्तरांच्या चिकाटीनं ते उभं राहिलं. कसली चिकाटी! आईचा हात लागला की काय होणार हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. स्वतः शेंदूर पुसायची छाती नव्हती, म्हणून बोलावलं आईला. आजही माझं हेच म्हणणं आहे.

परतताना वाटेत मी आईला तेच सांगत होते, तावातावानं. "तुझा हात लागावा म्हणून बोलावलं तुला. मुद्दाम!"

"व्हय," आई म्हणाली. "मला तवाच कळलं हुतं."

"मग गेलीस कशाला?"

ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. पदर तोंडाला लावला, तरी रडू आवरेना.

"मला वाटलं," ती म्हणाली, "तुझी मावशी तरी धरंल."