अध्यक्षांनी दुरुस्त केलेलं हृदय

बेडूकबाई आणि डिजिटल फळा यांची पहिली भेट झाली त्या दिवशी शाळेची इमारत पडली नाही, हे ती बांधणाऱ्या गवंड्याचे थोर उपकार. फळा ट्रकमधून उतरवायला सहा माणसं लागली आणि त्या सहांना सूचना द्यायला सोळा. शाळेचा पहारेकरी आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवरून उठला आणि त्याने सलाम ठोकला, तोही फळ्याला. दहावी अ मधला जुना काळा फळा काढावाच लागला नाही. नव्याला दारात पाहिल्याबरोबर तो आपण होऊन खिळ्यांसकट खाली आला. मग वायरी जोडल्या गेल्या, आणि मुख्याध्यापकांनी दोन्ही हात पसरून जाहीर केलं, "कोणीही, म्हणजे कोणीही, हात लावायचा नाही!"

नेमकी तेव्हाच फळ्याच्या मधोमध एक माशी येऊन बसली.

जीवशास्त्राच्या बाईंना माशी दिसली की त्यांना बाकी जग दिसत नाही. तिचे डोळे लाल आहेत की तपकिरी, ते बघायला बाई पुढे झाल्या, वाकल्या, आणखी वाकल्या, आणि त्यांच्या नाकाचं टोक फळ्याला टेकलं. फळा जागा झाला. एकाच वेळी सूर्यमाला गरगरू लागली, ज्वालामुखी फुटला, त्रिकोण उड्या मारू लागले आणि एक गोड गळ्याची अदृश्य बाई अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "छान! पुन्हा प्रयत्न करा!" मुख्याध्यापक टेबलाखाली होते. सोळा सूचनाकार जिन्यात होते. बाई तेवढ्या जागच्या जागी उभ्या होत्या.

"गेली हो माशी," त्या हळहळल्या.

मुख्याध्यापकांनी त्यांना हात लावायची बंदी केली होती, नाक लावायची नाही, हा मुद्दा बाईंनी पुढे बरेच दिवस धरून ठेवला.

बेडूकबाई हे नाव त्यांना मुलांनी दिलं आणि मास्तरांनी ते चालू ठेवलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी डब्यातून आणलेला एक बेडूक निसटला आणि दुपारी हिशेबनिसांच्या खणात सापडला. बुटक्या, तरातरा चालणाऱ्या, खांद्याला एवढी मोठी पिशवी की लांबून पिशवीच बाईंना घेऊन चालली आहे असं वाटावं. त्या पिशवीत भिंग, चिमटा, कापूस, रबरबँडं आणि बहुतेक वेळा काहीतरी जिवंत. जे जिवंत नसे ते खाटकाकडून येई. एकदा सकाळच्या घाईत घरी दोन स्टीलच्या डब्यांची अदलाबदल झाली. टपाल कचेरीत नवऱ्याने जेवायच्या सुट्टीत डबा उघडला तर आत बोकडाचं अख्खं हृदय. त्यांनी बाईंना फोन केला. आवाज अगदी मऊ.

"अगं, काल रात्री मी काही बोललो का तुला?"

अशा बाईंचं आणि डिजिटल फळ्याचं जमणार नाही, यावर शिक्षकांच्या खोलीत पैजा लागल्या होत्या. सगळे हरले. आठवड्याभरात बाईंनी फळ्याला असं वश केलं की तो घरचं मांजर वाटावा. आपला जुना फोन त्यांनी रबरबँडने सूक्ष्मदर्शकावर बांधला, फोनमधलं चित्र फळ्यावर आणलं आणि खाली डबक्यातल्या पाण्याचा एक थेंब ठेवला. फळ्यावरून म्हशीएवढा एक एकपेशीय जीव केसाळ अंगाने पोहत गेला, तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलं बाकावर चढली. आपल्या नखातला मळ पाहून दोन मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वेच्छेने हात धुतले. एवढ्या वर्षांत जे चाळीस मुलांना एकेकाला एक डोळा मिटून दाखवावं लागलं, ते आता सगळ्यांना एकदम दिसत होतं. बाई घरी जाऊन म्हणाल्या, "अहो, हा फळा मला वीस वर्षांपूर्वी मिळाला असता, तर मी काय धुमाकूळ घातला असता!" नवऱ्याने वीस वर्षांपूर्वीच्या नशिबाचे मनातल्या मनात आभार मानले.

हृदयाचा धडा आला तेव्हा बाईंनी फळ्यासोबत आलेला कंपनीचा धडा उघडलासुद्धा नाही. खरं हृदय ट्रेमध्ये असताना खोटं कशाला? त्यांनी फोन स्टँडला टांगला, कात्री चालवली, आणि सगळं मोठ्ठं होऊन फळ्यावर दिसू लागलं. मग एकेका मुलाला हातमोजा घालून बोलावलं.

"खालचे दोन कप्पे आहेत. दोन्हींत बोट घाल आणि भिंत दाब. कुठली जाड लागते?"

"ही, बाई. केवढी जाड!"

"तो डावा. अख्ख्या शरीराला रक्त ढकलायचं काम त्याच्याकडे. उजव्याला फक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंत पाठवायचं असतं. जो लांबची हमाली करतो त्याचं अंग कमावलेलं असतं."

पहिल्या बाकावरची चिमणी, जिचं खरं नाव तिच्या बारीक आवाजामुळे सगळे विसरले होते, ट्रेसमोरून हलेचना. तिला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. वर्गात हे फक्त बाईंना माहीत होतं, कारण बाकी कोणाला सांगितलं तर ते हसतील असं तिला वाटे. त्यासाठी पुढच्या वर्षी विज्ञान शाखेत जागा हवी होती, आणि जागा मिळणार होती ती वर्षभराच्या चाचण्यांच्या गुणांवर.

शेजारी दहावी ब मध्ये जीवशास्त्र व्यायामाचे मास्तर घेत. वेळापत्रकात एक भोक पडलं होतं आणि भोकाच्या मापाचे तेच मिळाले. मोठा सरळ माणूस. फळ्यावर कंपनीचा धडा सुरू करायचे, दाराशी पाय फाकवून उभे राहायचे आणि शिट्टी तोंडात ठेवायचे. "बाई, शिकवायचं काम त्याचं," ते फळ्याकडे बोट करत, "आणि गप्प बसवायचं माझं." इतकं प्रामाणिक वर्णन शिक्षणखात्यातल्या कोणी अजून केलेलं नाही.

सहामाहीनंतर चाचणी झाली. प्रश्न फळ्याच्याच कंपनीचे, मुलांनी टॅबवर बोट दाबायचं, तपासणी यंत्राने करायची. निकाल त्याच दुपारी आला. हृदयाच्या भागात दहावी ब ला जवळजवळ सगळे गुण. दहावी अ साफ आडवी. चिमणीला त्या भागात शून्य.

बाईंनी एकेक प्रश्न उघडून पाहिला. शरीरभर रक्त कोण ढकलतं? मुलांनी दाबलं होतं, डावं निलय, म्हणजे डावीकडचा खालचा कप्पा. यंत्र म्हणत होतं, चूक, उजवं. जाड भिंत कोणाची? चूक, उजव्याची. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कंपनीचा धडा लावला. पडद्यावर सुंदर लाल-निळं हृदय धडधडत होतं, आणि त्याच्या सगळ्या डाव्या-उजव्या पाट्या एकमेकींच्या जागी बसल्या होत्या.

बाई मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या तेव्हा दार उघडायला थांबल्या की नाही, यावर आजही दोन मतं आहेत.

"सर, या फळ्यातलं हृदय उलटं आहे!"

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "उलटं नाही, बाई. सुलटं केलेलं आहे."

"कोणी केलं?"

"हळू बोला. अध्यक्षांनी."

मग ते बाहेर आलं. उद्घाटनाच्या दिवशी बाई डबक्याचं पाणी आणायला गेल्या होत्या. इकडे शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आले. लाकडाच्या वखारीचे मालक. फळीतला वाक शंभर पावलांवरून ओळखणारी नजर. त्यांना हृदय दाखवलं गेलं. त्यांनी पाहिलं, की चित्राच्या उजव्या हाताला पाटी आहे "डावा", आणि डाव्या हाताला "उजवा". ते म्हणाले, "अहो, हे उलट लावलंय की!" कंपनीचा टाय लावलेला माणूस बाजूलाच उभा होता. अध्यक्षांनी फळ्यांच्या चेकवर अजून सही केलेली नव्हती. तो म्हणाला, "काय नजर आहे साहेबांची!" आणि चहा संपायच्या आत पाट्या बदलल्या गेल्या. धड्यात बदलल्या, प्रश्नांत बदलल्या, उत्तरांत बदलल्या. जमलेल्या एकाही पदवीधराने तोंड उघडलं नाही. टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या.

"अहो, चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून असतो!" बाईंचा आवाज व्हरांड्यात गेला. "त्याचा डावा आपल्या उजवीकडेच येणार! तुम्ही माझ्यासमोर बसलात, तुमचा डावा हात माझ्या कुठल्या बाजूला आहे?"

मुख्याध्यापकांनी हात टेबलाखाली घेतला. "मला कळतं हो. मी गणिताचा माणूस असलो तरी तेवढं कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"इमारतीचं छप्पर गळतंय, बाई. लाकूड त्यांच्याच वखारीतून येणार आहे. एका बाजूला छप्पर, दुसऱ्या बाजूला हृदय. मी छप्पर धरलं."

"आणि माझी पोरं? ज्यांनी बोट घालून पाहिलं त्यांना शून्य, आणि ज्यांनी शिट्टी ऐकली त्यांना पैकीच्या पैकी?"

"पुढच्या वेळी," मुख्याध्यापक अत्यंत प्रेमाने म्हणाले, "तुम्हीही कंपनीचंच हृदय शिकवा ना. म्हणजे दोन्ही तुकड्या सारख्या होतील."

बाईंनी तिथल्या तिथे टायवाल्याला फोन लावला. तो फार गोड बोलला. म्हणाला, ही तक्रार नाही, हा अभिप्राय आहे. अभिप्रायाचं कंपनी स्वागत करते. पण बदल ग्राहकाच्या सूचनेवरून झाला आहे, तेव्हा तो ग्राहकाच्याच सूचनेवरून परत होईल.

"अरे, रक्त कुठून कुठे जायचं ते ग्राहक ठरवणार? उद्या कोणी म्हणालं मेंदू गुडघ्यात आहे, तर तिथे लावणार?"

"लेखी आलं तर बघू, मॅडम."

त्या संध्याकाळी बाई घरी जे बोलल्या ते नवऱ्याने सबंध ऐकून घेतलं. मध्ये एकदा ते म्हणाले, "अगं, पण एका धड्याचे गुण ते किती," आणि पुढचं वाक्य त्यांनी स्वतःच गिळलं. बाईंचं म्हणणं साधं होतं. चुकीचं शिकलेलं पोर मी दुरुस्त करू शकते. पण बरोबर शिकलेल्या पोराला यंत्र सांगतं तू चूक आहेस, आणि त्या यंत्राच्या मागे शाळेतली सगळी मोठी माणसं हात बांधून उभी राहतात, तेव्हा ते पोर पुन्हा कधी स्वतःच्या बोटावर विश्वास ठेवेल? चिमणी दुपारी त्यांच्याकडे आली होती. तिने विचारलं होतं, "बाई, आपण कापलेलं हृदय आजारी होतं का?"

शनिवारी पालकांची सभा होती. अध्यक्ष येणार होते. बाई सकाळीच खाटकाची पायरी चढल्या.

सभेत फळ्याचं कौतुक झालं, मुख्याध्यापकांचं झालं, छपराचं आगाऊ झालं. मग न बोलावता बाई पुढे गेल्या. मुख्याध्यापकांनी "बाई, बाई" असं दोनदा म्हटलं. ते गोड गळ्याच्या अदृश्य बाईने म्हटलं असतं तरी तेवढंच चाललं असतं. बाईंनी फळ्यावर कंपनीचं हृदय लावलं आणि अध्यक्षांकडे वळल्या.

"साहेब, जरा मदत हवी. या हृदयाशेजारी उभे राहा. लोकांकडे तोंड करून. हं. आता डावा हात वर करा."

अध्यक्षांनी केला. पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "तो आमच्या उजवीकडे येतो."

"आता तसाच छातीवर ठेवा. हे तुमचं हृदय. यातला डावा कप्पा लोकांना कुठे दिसेल?"

अध्यक्षांनी छातीवर हात ठेवून मान वळवली. फळ्यावर पाहिलं. परत छातीकडे पाहिलं. मुख्याध्यापकांनी डोळे मिटले होते.

"म्हणजे आधी बरोबर होतं?" अध्यक्ष म्हणाले.

"होतं."

"आणि मी बिघडवलं?"

"हो."

"आणि इतकी शिकलेली माणसं," अध्यक्षांचा आवाज चढत गेला, "चहा पीत उभी होती, त्यांतल्या एकाला म्हणता आलं नाही, की शेठ, तुम्ही लाकडं बघा? मी वखारवाला माणूस! माझ्याकडे मापात चूक झाली तर हमाल माझ्या तोंडावर सांगतो!"

बाईंनी डबा उघडला, हृदय काढलं आणि त्यांना हातमोजा दिला. अध्यक्षांनी दोन्ही कप्प्यांत बोट घातलं. "हा जाड आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "सागासारखा." मग त्यांनी टायवाल्याला तिथूनच फोन केला. ते जे बोलले त्यातलं पालकांसमोर बोलण्यासारखं थोडंच होतं, पण कामाला आलं. सभा संपायच्या आत पाट्या आपापल्या जागी परतल्या. पालकांनी टाळ्या वाजवल्या. व्यायामाच्या मास्तरांनी शिट्टीसुद्धा वाजवली, आणि ती मनापासून होती.

बाई तिथून तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. "आता गुण."

गुण शुक्रवारी संध्याकाळीच प्रवेशाच्या हिशेबासाठी वर पाठवले गेले होते. दुरुस्ती पुढच्या चाचणीपासून लागू होईल, असं कंपनीचं उत्तर आलं. अध्यक्षांनीही दोनदा फोन केला, त्यांनाही तेच उत्तर मिळालं. विज्ञान शाखेत त्या वर्षी दहावी ब मधली मुलं भरली. चिमणी वाणिज्य शाखेत गेली.