कोऱ्या रोलच्या कडेचे आकडे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि माझ्या कपाटात लग्नाच्या शालूखाली किती लेन्स दडवल्यात हेही ज्या माणसाला बरोबर ठाऊक आहे, त्याच्यापासून काही लपवून ठेवायचं म्हणजे किती कठीण, ते तुम्हीच बघा. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही वारंगा फाट्यावर राहत नाही. राहत असलात तर... असो. आता तोंड उघडलंच आहे.

आधी थोडं कॅमेऱ्यांबद्दल बोलू द्या. मी विषय टाळतेय, हे मलाही कळतंय. पण बोलू द्या.

मी कुरुंद्यात एका शाळेत विज्ञान शिकवते. सहा वर्षांपूर्वी वसमतला एका भंगारवाल्याकडे कुकरच्या झाकणांच्या ढिगात मला एक जुना जपानी कॅमेरा दिसला. रोलवाला. हातात घेतला आणि दचकलेच — केवढा जड! नुसतं लोखंड आणि काच. ना सेल, ना स्क्रीन. डोळ्याला लावून समोर बघितलं, तर मधोमध एक गोल, आणि त्या गोलात भंगारवाल्याचं तोंड दोन तुकडे झालेलं. वरचा अर्धा भाग एकीकडे, खालचा दुसरीकडे. लेन्सवरची कडी हळूहळू फिरवली, तसे ते दोन तुकडे सरकत सरकत जवळ आले आणि जुळले. नाकाला नाक लागलं. तो म्हणत होता, "मॅडम, लेना है तो लो, नहीं तो रखो," आणि मी आपली कडी फिरवून त्याचं तोंड मोडतेय, जोडतेय, मोडतेय, जोडतेय.

तुम्ही कधी करून बघितलंय हे? मोबाईलमध्ये सगळं आपोआप स्पष्ट होतं, त्यात आपला काही हात नसतो. इथे आपल्याला थांबावं लागतं, बोटांनी शोधावं लागतं. मला तर वेडच लागलं. एकाचे चार कॅमेरे झाले, लेन्सा तर विचारू नका. जुन्या लेन्सला आतून बुरशी धरते, तिला ऊन दाखवावं लागतं. म्हणून आमच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत पडलेली असायची आणि तिच्या शेजारी, ताटात, माझ्या पाच-सहा लेन्सा. आमचे हे एकदा येऊन गंभीरपणे म्हणाले, "हळदीसंगं ह्या बी मोंढ्यात नेऊ का? काय भाव सांगू?" अजूनही माझ्या एका लेन्सच्या कडीच्या खाचांत हळदीची पिवळी रेघ आहे. काढायचा प्रयत्न मी केलेला नाही.

कॅमेरा तर झाला. पण रोल धुणार कोण? हिंगोली जिल्ह्यात आता रोल धुतो म्हणणारा माणूस शोधायचा कुठे? शोधत शोधत मी वारंगा फाट्यावर पोचले, आणि मला बाबारावकाका भेटले.

मेंढरं राखणाऱ्या घरातला हा माणूस. थोरल्या भावाने मेंढरं सांभाळली, ह्यांनी कॅमेरा धरला. फाट्यावर स्टुडिओ टाकला, पंचक्रोशीतली लग्नं काढली. आता पुढच्या गाळ्यात मुलाचं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान आहे, मागच्या खोलीत काकांची रोल धुवायच्या औषधांच्या बाटल्यांची फळी. मी रोल पुढे केला, तर त्यांनी तो हुंगला! खरंच हुंगला. मग म्हणाले, "बाई, लई दिवसांनी वास आला." आणि लगेच ते वाक्य, जे ते येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे. नंतर मी ते शंभरदा ऐकलं: "चाळीस वर्षांत माझ्या हातून एक रोल खराब झाला न्हाई."

ते सांगताना ते थोडे ताठ उभे राहायचे. हे लक्षात ठेवा, कारण मी त्याच्याकडेच येतेय.

काकांनी मला सगळं शिकवलं. रोल भरला की दांडी ओढायची आणि डाव्या हाताच्या बटणाकडे बघायचं: ते गरगर फिरलं, तर रोल चालला. नाही फिरलं, तर रोलचं टोक आत अडकलेलंच नाही. तुम्ही कितीही फोटो काढा, तो आपल्या डबीत गप झोपलेला. "झोपलेला रोल" असंच म्हणायचे ते. आणि दुसरी गोष्ट. रोलच्या कडेला बारीक आकडे असतात, एक ते छत्तीस. ते कंपनीने आधीच उमटवलेले असतात, पण दिसतात ते रोल बरोबर धुतला तरच. रोल कोरा निघाला तर आधी कड बघायची. आकडे आहेत म्हणजे धुणाऱ्याने बरोबर धुतलं, घोळ फोटो काढणाऱ्याचा. आकडेसुद्धा नाहीत म्हणजे घोळ धुणाऱ्याचा — आधी घालायचं औषधाचं पाणी नंतर घातलं, नंतरचं आधी. किती सोपी परीक्षा, नाही? मी तर ती वर्गातसुद्धा सांगितली होती. पुराव्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, वगैरे.

तर तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. काकांच्या थोरल्या भावाकडे मेंढरांची लोकर कातरायची होती. काका म्हणाले, "बाई, माझ्या डोळ्यांनी आता नाकाला नाक जुळत न्हाई. मोतीबिंदू हाय म्हणून राहिला डॉक्टर. जगाचे फोटो काढले, घरचा एक बी काढला न्हाई. तुमी काढा." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! गुरूने शिष्याला बोलावलं होतं. मी नवी कोरी साडी नेसून स्कूटीवर निघाले, मेंढरं कातरायला जाताना नेसतं का कुणी?

तिथे तर जत्राच. पाय बांधलेली मेंढरं ओळीने आडवी, भावकीतली माणसं कात्र्या घेऊन बसलेली, लोकरीचे काळे ढीग. आणि सगळे माझ्याभोवती. काकांच्या भावजय, गोदाकाकू, लुगडं बदलून आल्या आणि म्हणाल्या, "माझा बी काढा बाई, पर मेंढरासंगं नको. मेंढरासंगं जिंदगी गेलीच हाय. आन् मोबाईलातला नको, कागदावरचा पाहिजे." सगळे हसले. मी त्या हशातच रोल भरला. झाकण लावलं, दांडी ओढली.

बटणाकडे बघितलं का? नाही बघितलं. मी गोदाकाकूंकडे बघत होते.

मग दोन तास मी काय रुबाब केला! एडक्याला तीन वेळा धरायला लावलं, कारण त्याचा डोळा गोलात जुळेना. थोरल्या भाऊंना मुंडासं पुन्हा बांधायला लावलं. गोदाकाकूंना उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात. खटाक, खटाक. काका माझ्या मागे उभे राहून लोकांना सांगत होते, "बघा, बाईंचा हात कसा हाय." छत्तिसावा झाला. सदतिसावा झाला. अडतिसावा. छत्तीसच्या रोलला अडतीस कधी कधी येतात. एकोणचाळीस. चाळीस. दांडी अजून मऊ लोण्यासारखी चाललेली.

तेव्हा मी बटणाकडे बघितलं. ते हललंही नव्हतं.

त्या क्षणी सांगायला हवं होतं ना? निम्मी मेंढरं अजून कातरायची होती. दुसरा रोल पर्समध्ये होता. सांगितलं असतं तर काय झालं असतं? दहा मिनिटं हसले असते. गोदाकाकूंनी माझी दोन वर्षं थट्टा केली असती. बस, एवढंच. पण "बाईंचा हात कसा हाय" हे वाक्य अजून हवेत होतं, आणि मला ते खाली पडू द्यायचं नव्हतं. मी रोल गुंडाळल्याचं नाटक केलं आणि डबी पर्समध्ये टाकली. घरी जाऊन म्हणणार होते — हरवली. बघा, हेसुद्धा ठरवून झालं होतं. पण काकांनी तिथेच हात पुढे केला. "आणा, आत्ताच धुतो. सांजेला भावाला दाखवतो."

दिली.

दुकानामागच्या खोलीत काकांनी उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत हात घालून रोल धुवायच्या टाकीत भरला. रोलची पुढची, उजेड लागलेली जीभ कापून टाकली, नाहीतर ती धुतल्यावर काळी पडली असती आणि त्यांच्या डोळ्यांनाही दिसली असती. बाटल्या ओतल्या, टाकी उलटीपालटी केली, तोंडाने आकडे मोजले. मी समोरच्या स्टुलावर बसून दिलेला चहा पीत होते. शेवटी त्यांनी पट्टी बाहेर काढली, दारातल्या उजेडात धरली. इकडून बघितली, तिकडून बघितली. पार डोळ्याला लावली. मग म्हणाले —

"बाई, कोरी दिसून राहिली. मला समदं धुकंच दिसतंय. कडेला आकडे हायत का?"

मी जवळ गेले. आणि म्हणाले, "न्हाई, काका."

हीच ती गोष्ट. दोन शब्द. विचार करून बोलले असंही नाही, आणि चुकून बोलले असंही नाही. मला माहीत होतं की ह्या दोन शब्दांचा त्यांच्या लेखी अर्थ काय होतो. त्यांनीच तर शिकवलं होतं.

काका फळीकडे वळले. दोन्ही बाटल्या हातात घेऊन पुन्हा हुंगल्या. "मंग माझ्याच हातून झालं. ही आधी पडली जणू."  मग माझ्याकडे वळून चक्क माफी मागितली — माझी! मी म्हणाले, जाऊ द्या काका, होतं. वर ती पट्टी मागून घेतली, आठवण म्हणून. त्यांना वाटलं, बाई किती मायाळू आहेत. मला ती त्यांच्या मुलाच्या हाती लागू द्यायची नव्हती.

सांजेला ते स्वतः भावाकडे गेले आणि सांगून आले. थोरले भाऊ पोट धरून हसले म्हणे: "तुझ्या पाण्यानं माझी समदी मेंढरं वाहून नेली की रे!" पुढच्या कातरणीला मी पुन्हा गेले, बटणाकडे बघत बघत फोटो काढले, गोदाकाकूंना कागदावरचा फोटो मिळाला. मेंढराशिवायचा. तो त्यांनी देव्हाऱ्याशेजारी लावलाय. तेवढं छान झालं. पण तो रोल काकांनी धुतलेला नव्हता. मी धुतला. कारण त्या कोऱ्या रोलनंतर आठ दिवसांनी काकांनी टाकी, थर्मामीटर, पिशवी, बाटल्या सगळं एका पोत्यात भरून माझ्या स्कूटीला बांधून दिलं. "दुसऱ्याची याद आपल्या हातून जाऊ नये, बाई. आता तुमीच करा."

मी केलं. आवडीने केलं. आता नांदेडहून, परभणीहून पोरंपोरी माझ्याकडे रोल धुवायला पाठवतात. लोक मला रोलवाल्या बाई म्हणतात, आणि खरं सांगते, ऐकून मला गुदगुल्या होतात. रविवारी सकाळी न्हाणीघराचं दार लावून मी काकांच्या टाकीत काकांसारखेच आकडे मोजते. बाहेरून हे ओरडतात, "आंघोळ करून राहिली का फोटो धुऊन राहिली?" मी सुखात आहे. हेही लपवायचं कशाला?

काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधीच झालं. आता ते बिनचष्म्याने पेपर वाचतात, फाट्यावरून जाणाऱ्या गाडीचा नंबर लांबून सांगतात. मी म्हटलं, काका, आता पुन्हा सुरू करा. म्हणाले, "डोळे आले बाई, पर हाताचा भरवसा गेला." असं म्हणून हसले. त्यांनी त्या दिवसाची एक फक्कड गोष्टच करून टाकलीय. झेरॉक्सला आलेल्या गिऱ्हाइकाला सांगतात, बाटल्यांची अदलाबदल हातवारे करून दाखवतात, भावाचा आवाज काढतात. सगळी हसतात. मीही हसते. मी समोर असले की गोष्ट जास्त रंगते. ते वाक्यही अजून म्हणतात, फक्त थोडं बदललंय: "चाळीस वर्षांत माझ्या हातून एकच रोल खराब झाला." आणि "एकच" म्हणताना ते माझ्याकडे बोट करतात, साक्षीदार म्हणून.

गेल्या महिन्यात त्यांनी विचारलं, "ती कोरी पट्टी ठेवली का हो तुमी? आता नीट दिसतं, एकदा बघतो म्हणलं." मी म्हणाले, कुठेतरी असेल, शोधते. आणि स्कूटी चालू केली. म्हणजे ते "न्हाई" तीन वर्षांपूर्वी संपलं नव्हतं. मी ते पुन्हा म्हणून आले.

पट्टी शोधायची गरज नाही. ती शालूखाली आहे, हळदीची रेघ असलेल्या लेन्सच्या डबीत. आत्ता हे लिहिताना काढून खिडकीतल्या उन्हात धरलीय. फोटो एकही नाही, नुसती स्वच्छ काच असावी तशी. कडेला आकडे आहेत. एक, दोन, तीन... छत्तीसपर्यंत सगळे, चांगले काळे, ठळक. इतकं सुंदर धुतलेलं मला अजूनही जमत नाही.

बाबारावकाकांच्या हातून चाळीस वर्षांत एकही रोल खराब झाला नाही.