आत्याला वाचून न दाखवलेली फाईल

आमच्या आत्याला कुठलीच गोष्ट गोड करून सांगता येत नसे. तेलंगणातल्या आमच्या तामसी गावात ती 'कागदवाली बाई' म्हणूनच ओळखली जायची. सारी नोकरी मंडल कचेरीत, म्हणजे तिकडच्या तहसिलीत गेलेली, त्यामुळे तेलुगू कागद ती घडाघडा वाचायची. रिटायर झाल्यावर तर सकाळपासून तिच्या ओसरीवर माणसं कागद घेऊन बसलेली असत. जय भीम, नमस्कार, जे काय असेल ते एकदा झालं की ती हात पुढे करायची. आलेला कागद आधी पुरता वाचायची, मग मराठीत सांगायची. एक ओळ गाळायची नाही.

एकदा एक म्हातारे गृहस्थ जमिनीचा निकाल घेऊन आले. आत्या म्हणाली, "दादा, तुमचा दावा खारीज झाला. पुरा खारीज. पण अपिलाची मुदत हाय, उद्याच आदिलाबादले जा." बिचारे मटकन खाली बसले. मी तिला आत ओढून म्हटलं, "अगं, जरा हळू सांगायचं!" झालं, ती माझ्यावरच तडकली. "हळू सांगून मुदत थांबते का वं? खरं कळलं तं मानूस उठून काई करते. नाई कळलं तं बसून राह्यते." मग त्यांना चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन बसमध्ये बसवून दिलं.

इंग्रजी मात्र तिला येत नसे. तेवढ्यापुरती मी लागायचे. मी मावल्याला शाळेत शिकवते. "माह्या भाचीनं वाचलं म्हंजे मी वाचलं," असं ती चारचौघांत सांगायची आणि मला उगाच मोठेपणा वाटायचा.

तिच्या छातीत गाठ निघाली तेव्हा नागपूरला ऑपरेशन झालं. स्तन काढावा लागला नाही, गाठ आणि तिच्या भोवतालचा भाग तेवढा काढला. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी बाबांना आणि मला आत बोलावलं. कॅन्सर होता, पण अगदी सुरुवातीचा. दुधाच्या नळीच्या आतच होता, बाहेर पसरलेला नव्हता. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. "आता काही आठवडे रोज रेडिएशन घ्या. परत यायची भीती पुष्कळ कमी होते."

बाहेर येताच बाबांनी माझा हात धरला. माझी आजी, म्हणजे बाबांची आणि आत्याची आई, ह्याच रोगानं गेली होती. "तिले सांगू नको, बाई. माय कशी गेली ते तिनं पाह्यलं हाय. धसका घेईन ती." आणि मी, शहाणी मास्तरीण, खाटेजवळ जाऊन म्हणाले, "आत्या, साधी गाठ होती. निघाली."

आता सांगा, साध्या गाठीसाठी बाईला महिनाभर नागपूरला कसं ठेवायचं? मी म्हटलं, डॉक्टर किरणं घ्यायला सांगतात. "गाठ निघाली ना? मंग किरणं काऊन?" मी म्हटलं, काळजी म्हणून. ती हसली. "काळजी तुमी करा. तिकडं लोकं वाट पाहून राह्यले." तारीख पुढे गेली, आणखी पुढे गेली. बाबा म्हणायचे, बघू. मीही म्हणायचे, बघू. एक दिवस तिने दवाखान्याची इंग्रजी फाईल माझ्यापुढे टाकली आणि थेट विचारलं, "पुरी वाचली ना तू? ह्यात आनखी काई हाय का?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "नाही."

तिचा विश्वास बसला. तिने फाईल पेटीत ठेवून दिली.

काही वर्षांनी त्याच बाजूला पुन्हा गाठ आली. ह्या वेळी रोग नळीत थांबला नव्हता, हाडांपर्यंत पोचला होता. नागपूरच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी जुनी फाईल चाळली आणि आत्यालाच विचारलं, "तेव्हा रेडिएशन का नाही घेतलं? इथे स्पष्ट लिहिलंय." आत्या म्हणाली, "काय लिवलं हाय?" त्यांनी सगळं सांगितलं. आत्या एकेक शब्द ऐकत होती. मी फरशीकडे बघत होते.

बाहेर बाकावर मला रडू आवरेना. वाटलं, आता तडकेल. तडकली असती तर बरं झालं असतं. "मी पह्यल्या बसनं गेली असती," एवढंच ती म्हणाली. बाबा घाबरले होते गं, असं काहीतरी मी पुटपुटले. ती माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुह्या बापाले हे सांगू नको. जीव देईन तो. त्यानं इचारलं तं सांग, किरणं घेतले असते तरी काई उपेग नव्हता."

"पण आत्या, तू…"

"मी सांगून राह्यली ना?"

आत्या गेली त्याला आता दोन वर्षं झाली. बाबा थकलेत, गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाहीत. भाकरी टाकायच्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात. रोज नाही, पण आठवड्यातून एकदा तरी विचारतातच. "किरणं घेतले असते तं वाचली असती का वं ते?"

"नाही बाबा," मी तव्याकडे बघत म्हणते. "काही उपयोग झाला नसता."

मग ते जेवायला बसतात.